हौसामावशींचा वरवंटा

तुमच्या घरातल्या वरवंट्याचं वजन किती आहे?

नाही ना सांगता येत? वरवंटाच नाही, मिक्सर आहे, असं म्हणाल. बरं, मिक्सरचं सांगा. तेही नाही. घरातल्या वस्तूंची वजनं आपल्याला ग्रॅमपर्यंत ठाऊक नसतात, कारण त्यावाचून आपलं काही अडत नाही. हौसामावशींचं अडायचं. त्यांना कुणीही, कधीही विचारलं असतं तरी त्यांनी क्षणात सांगितलं असतं, "दोन किलो एकशेचाळीस."

कात्रजच्या अलीकडे टेकडीच्या उतारावर त्यांची वस्ती होती आणि उतार संपतो तिथे, रस्त्याला लागून, रेशनचं दुकान. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते या दुकानाच्या रांगेत. मी पत्रकं वाटत होते. रांगेत सगळ्यात पुढे एक साठीच्या पुढची, काटक, ठेंगणी बाई उभी होती. तिचा नंबर आला तशी तिने पिशवीतून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, फडकं सोडलं आणि एक काळा वरवंटा दुकानदाराच्या काट्यावर ठेवून दिला.

दुकानदाराला सगळे अण्णा म्हणत. अण्णा पेठेतले. रोज स्कूटरवरून येत, शर्टाची इस्त्री कधी मोडलेली नसे, आणि बोलणं असं की शिवी दिली तरी ती शुद्ध वाटावी. दुकानाच्या फळीवर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'सर्व्हर बंद आहे. केव्हा सुरू होईल हे आम्हांसही ठाऊक नाही. तरी विचारू नये.' सर्व्हर सुरू असतानाही ही पाटी काढली जात नसे.

"बाई, हे काय?" अण्णांनी विचारलं.

"वरवंटा."

"ते दिसतंय. आपण धान्य न्यायला आलात की चटणी वाटायला?"

"आधी ह्याचं वजन सांगा. मंग माझ्या धान्याचं."

काट्याचे लाल आकडे थरथरले आणि दोन किलो दोनशे नव्वदवर थांबले. मावशींनी मान तिरकी करून ते नीट वाचले.

"अण्णा, घरनं निघाला तवा ह्यो दोन किलो एकशेचाळीसचा व्हता. येवढ्याशा उतारावर त्यानं काय खाल्लं असंल?"

"हवा दमट आहे," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "दगड ओल धरतो."

"मंग तांदूळबी धरीत असंल. तेवढी ओल वजा करून तांदूळ टाका."

रांगेत पहिल्यांदा एक बाई हसली, मग दुसरी, मग सगळी रांग. अण्णांनी काटा बंद केला, पुसला, पुन्हा सुरू केला. आता आकडे दोन किलो एकशेचाळीसवर आले.

"इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे. होतं कधीकधी असं."

"व्हतं की," मावशी म्हणाल्या, "पर कवा आमच्या बाजूनं न्हाय व्हत."

घरी त्या, त्यांची सून कविता आणि कविताची शाळेत जाणारी मुलगी. मावशींचा मुलगा आजारपणात गेला होता. कविता हिंजवडीतल्या एका कंपनीत साफसफाईच्या कामाला होती. तिचा पगार खोलीचं भाडं, बस आणि शाळा यांत संपायचा. कार्डावर माणशी पाच किलो, म्हणजे तिघींचं पंधरा किलो तांदूळ-गहू हाच त्या घरातल्या चुलीचा पाया होता. त्यातलं किलोभर धान्य काट्याने खाल्लं तर महिन्याचे शेवटचे दोन दिवस कोरडे जायचे. मावशींच्या हिशोबात ग्रॅम असे दिवसांत मोजले जात.

वरवंट्याचं वजन पक्कं कसं केलं, तेही त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. भाजीवाल्याने एक वजन सांगितलं, भंगारवाल्याने दुसरं, वाण्याने तिसरं. मग त्या वरवंटा घेऊन थेट पोस्टात गेल्या. पार्सलच्या खिडकीवर ठेवला. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "कुठे पाठवायचंय?" "रेशनच्या दुकानात." "मग पत्ता लिहा, नीट बांधून आणा." "मी सोताच नेणार हाय. तुमी निस्तं वजन सांगा." त्या कारकुनाचे मला आजही आभार मानावेसे वाटतात. त्याने काहीही न बोलता वजन केलं, एका चिठ्ठीवर लिहिलं आणि वर म्हणाला, "न्या. तिकीट लावायची गरज नाही." ती चिठ्ठी मावशींनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाच्या आत ठेवली होती.

"पोस्टातच का?" मी विचारलं.

"सरकारचा काटा सरकारच्याच काट्यानं मोडायचा, पोरी. आपण मोडाय गेलो तर आपल्याला येडं म्हंत्यात."

आता माझ्या पत्रकाविषयी सांगायला हवं, कारण त्याचा पुढे उपयोग झाला. माझं लहानपण पत्रकांतच गेलं. वडील चळवळीची पत्रकं छापून आणायचे, उरलेले गठ्ठे घरी यायचे. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली आणि पुढच्या बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळे 'आघात', 'एल्गार', 'षड्‌यंत्र' हे शब्द मला 'कमळ' आणि 'गवत' यांच्या आधी वाचता यायचे. त्या दिवशीच्या पत्रकाचा मथळा होता: 'अन्नसुरक्षेच्या हक्कावरील आघाताविरुद्ध एल्गार!' त्याखाली नऊ मुद्दे.

मावशी गावाकडे चौथीपर्यंत शिकल्या होत्या. त्यांनी पत्रक हातात घेतलं, बोट ठेवून ओळी उतरत गेल्या आणि विचारलं, "ह्यात तांदूळ कितव्या ओळीत हाय?"

मी शोधला. तांदूळ अकराव्या ओळीत होता.

"तवर माणूस उपाशी मरंल की," त्या म्हणाल्या. मग दुकानाच्या पायरीवर बसल्या, पत्रक पसरलं, त्यावर मूठभर तांदूळ ओतला आणि खडे निवडायला लागल्या. "कागूद जाड हाय पर. उपेगाचा हाय." त्या दिवसापासून वस्तीत माझं नाव 'कागदवाली' पडलं. आणि त्या दिवसापासून मी तांदूळ पहिल्या ओळीत लिहायला लागले.

त्यांच्या भांडणालाही शिस्त होती. घरून निघताना अर्धी भाकरी ठेच्याबरोबर खाल्ल्याशिवाय त्या दुकानात जात नसत. "उपाशी माणूस भांडत न्हाय, रडतो," असं त्यांचं म्हणणं. ठेचा त्याच वरवंट्याने वाटलेला असायचा. कविताने हप्त्यावर मिक्सर आणला होता, पण मावशी म्हणायच्या, "त्याच्यात मिरची निस्ती फिरती. वाटली कुठं जाती?" मी एकदा सुचवलं, की मापाचा दगड जपून बाजूला ठेवावा, तो वापरू नये. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "दगडाला कुकू लावून पुजू काय? काम करणारा हाय म्हून तर त्याला दुकानात मान हाय."

हा मान खराच होता. महिन्याचं धान्य सुटलं की रांग लागायची, पण सगळ्यात पुढची जागा मोकळी ठेवली जायची. मावशी वरून येईपर्यंत कुणी कार्ड पुढे करत नसे. वरवंटा काट्यावर बसला, आकडे जुळले, मावशींनी "चालू द्या" म्हटलं की वाटप सुरू. अण्णांनी सुरुवातीला चिडून पाहिलं. "फुकट मिळतंय, त्यात ग्रॅम काय मोजता?" असंही म्हणून पाहिलं.

"फुकट तुमी देताय व्हय?" मावशींनी विचारलं. "मंग घरनं आणा की. म्या न्हाय मोजणार."

अण्णा पुढे गप्प राहू लागले. काटा सरळ झाला. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, वर्षानुवर्षं अर्ज करून जे झालं नाही ते एका दगडाने केलं. मला हे अर्थातच आवडत नसे, कारण त्यातले बरेच अर्ज मी लिहिले होते.

काट्यावर दगड ठेवता येतो. अंगठ्याच्या मशीनवर काय ठेवणार?

धान्य घ्यायचं तर कार्डावरच्या कुणीतरी मशीनवर बोट टेकवून आपली ओळख पटवावी लागते. इतके दिवस मावशींचा अंगठा कसाबसा चालत होता. एका महिन्यात मशीनने त्याला नकार दिला. पुसून लावला, दाबून लावला, डावा लावला. दहाही बोटं झाली.

"पायाची लावू काय?" मावशींनी विचारलं.

"तशी सोय अजून आलेली नाही," अण्णा म्हणाले.

तीस वर्षं मावशींनी सोसायट्यांमधून धुणीभांडी केली होती. राख, मग पावडर, मग साबणाची वडी आणि तारेची घासणी. उरलेल्या वेळात वरवंटा. बोटांच्या टोकांवर रेषा म्हणून काही शिल्लकच नव्हतं. खोबरेल तेल झालं, लिंबू झालं, कुणी सांगितलं म्हणून कोरफडही झाली. आधारच्या केंद्रावरच्या मुलीने बोटं निरखून सल्ला दिला, "आजी, पंधरा दिवस भांडी नाही, कपडे नाही, वाटण नाही. हाताला नुसतं तेल लावून बसा, मग या."

"पंधरा दिस हाताला तेल लावून बसणारी असते, तर मला रेशन कशाला लागलं असतं गं बाई?"

नातीच्या बोटांची आधारला अजून नोंद झालेली नव्हती. कविताचा अंगठा ठणठणीत होता. पण कविता सकाळी सहाला घर सोडायची आणि रात्री आठला यायची. दुकान त्यामधल्या वेळातच उघडं असे. तिची साप्ताहिक सुटी सोमवारी आणि दुकानही सोमवारीच बंद. हे योगायोग गरिबांच्याच पत्रिकेत का असतात, हे मी आजवर शोधते आहे. दुसऱ्या महिन्यात तिने खाडा करून रजा काढली. त्या दिवशी अण्णांची पाटी खरी ठरली. सर्व्हर दिवसभर बंद होता. संध्याकाळपर्यंत ती पायरीवर बसून राहिली. पुढच्या महिन्यात मुकादमाने दुसरी रजा दिली नाही.

असे तीन महिने गेले. शिधापत्रिकेच्या कचेरीतल्या साहेबांनी कार्ड पाहून सांगितलं, "सलग उचल नाही. म्हणजे तुम्हाला गरज नाही असं सिस्टीम धरते. या महिन्यातही उचललं नाही, तर कार्ड बंद पडेल." मी त्यांच्याशी भांडले, आवाज चढवला, दोन कलमं फेकली. मावशींनी माझा हात धरून मला बाहेर आणलं. "तू जेवून आली न्हाईस वाटतं," त्या म्हणाल्या.

आणि या तीनही महिन्यांत वाटपाच्या दिवशी मावशी वरवंटा घेऊन दुकानात आल्या. काट्यावर ठेवला, आकडे वाचले, "चालू द्या" म्हटलं, बोट लावलं, नकार घेतला आणि रिकाम्या पिशवीत वरवंटा घालून वर निघून गेल्या. मी एकदा न राहवून विचारलं, की तुम्हाला मिळत नाही तर हा दगड कशाला वाहता?

"माझं भरंना म्हून बाकीच्यांचं कमी भरू द्यायचं व्हय?"

यावर मी एक जोरदार पत्रक लिहिलं होतं. ते छापलं नाही. त्यात मावशींच्या या एका वाक्याहून मोठं काहीच नव्हतं.

चौथ्या महिन्याच्या वाटपाचा दिवस उजाडला. कार्डाचा हा शेवटचा महिना. रांग नेहमीसारखी, पुढची जागा मोकळी. मी माझी पत्रकं घेऊन हजर. मावशी आल्या, फडकं सोडलं, वरवंटा काट्यावर ठेवला.

दोन किलो पंच्याऐंशी.

मावशींनी पुन्हा वाचलं. अण्णांनीही वाचलं. मग अण्णा सावकाश उठून उभे राहिले. मी त्यांना दुकानात उभं राहिलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

"बाई, पंचावन्न ग्रॅम कुठे गेले? हवा कोरडी आहे का आज?"

रांगेत कुणी हसलं नाही.

"वर्षभर या दगडाने मला चारचौघांत चोर ठरवलंय," अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. "आज माझा काटा कमी दाखवतोय. म्हणजे मी आपणा सर्वांना जास्तीचं धान्य वाटणार, असं समजायचं का? की आता तरी तपासायचं, खोटं कोण आहे? थांबा." त्यांनी गल्ल्याखालून शिक्का मारलेलं एक किलोचं माप काढलं आणि काट्यावर ठेवलं. बरोब्बर एक किलो. दुसरं ठेवलं. दोन किलो. "काटा खरा आहे. खोटं काय आहे ते आपण सांगा."

मावशींनी वरवंटा हातात घेतला. त्यावरून बोटं फिरवली. आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मला दुसरीकडे पाहावंसं वाटलं. त्यांच्या लक्षात आलं होतं. चार दिवसांपूर्वी वस्तीत टाकीवाली आली होती, छिन्नी-हातोडी घेऊन पाट्यांना दाते पाडून देणारी. पाटा गुळगुळीत झाला, वाटण नीट होईना, म्हणून मावशींनी टाकी लावून घेतली होती. पाट्याला आणि वरवंट्यालाही. दगडाची किती कपची उडाली, याचा विचार केलाच नव्हता. एरवी ग्रॅम ग्रॅम मोजणारी बाई ठेच्याच्या नादात आपलं माप ठोकून घेऊन आली होती.

त्यांना सारवासारव करता आली असती. रांग त्यांचीच होती. त्या मागे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बायांनो, अण्णांचा काटा खरा हाय. चूक माझी झाली. म्या वरवंट्याला टाकी लावून घेतली."

"म्हणजे झिजला," अण्णा म्हणाले.

"झिजला."

"मग हा तो वरवंटा राहिलाच नाही."

मावशी थबकल्या. वरवंट्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

"अण्णा, वरवंटा त्योच हाय. माझ्या सासूनं दिल्याला. झिजला म्हून काय दुसऱ्या कुणाचा झाला व्हय?"

अण्णा उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच मावशींनी उजव्या हाताचा अंगठा त्यांच्यासमोर उभा धरला. गुळगुळीत, चकचकीत, टाकी लावण्याआधीच्या पाट्यासारखा.

"ह्योबी त्योच हाय."

अण्णांनी त्या अंगठ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे.

"ते मी ठरवत नाही, बाई. मशीन ठरवतं."

"कागदवाले," मावशी माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तुझ्या कागदातलं सातवं वाच."

त्यांनी खडे निवडता निवडता पत्रक वाचलं होतं! नऊच्या नऊ मुद्दे. मी सातवा वाचला: "अंगठा जुळत नाही एवढ्याच कारणाने धान्य नाकारता येत नाही. ओळख पटवण्याची दुसरी सोय वापरावी."

"सोय आहे," अण्णांनी मान्य केलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. एरवी विचारलं की ते पाटीकडे बोट दाखवत. "मोबाइलवर आकडा येतो, तो मशीनमध्ये टाकायचा. पण एकेका कार्डाला पंधरा-वीस मिनिटं जातात. मागे रांग बघा. सगळ्यांना असं करत बसलो तर ही माणसं मला फाडून खातील."

रांगेतली दुसऱ्या नंबरची बाई म्हणाली, "तीन म्हैने ही आमच्यासाठी रिकामी येती-जाती. आमी ईस मिन्टं थांबत न्हाय व्हय? लावा आकडा."

"थांबतो की," मागून आवाज आला. कुणीतरी खाली बसलं. मग ओळीने सगळेच बसले. रांग बसलेली मी त्या दिवशी पाहिली. कुणाच्या तरी ओच्यातून शेंगदाणे निघाले आणि हातोहात मागे गेले.

आकडा कविताच्या मोबाइलवर जाणार होता आणि कविता हिंजवडीत, सातव्या मजल्यावर. कामाच्या जागी मोबाइलला बंदी. चौथ्यांदा लावलेला फोन तिने जिन्याखाली जाऊन उचलला. पहिला आकडा तिने सांगेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसऱ्याला अण्णांच्या मशीनची रेंज गेली. अण्णा मशीन हातात घेऊन दुकानाबाहेर आले, रस्त्यावर उभे राहिले, हात उंच केला. पलीकडून येणारी स्कूटर थांबली. स्वाराला वाटलं, ते लिफ्ट मागताहेत. तिसरा आकडा लागला. मशीनने कुरकुरत पावतीची पट्टी बाहेर काढली. पंधरा किलो. कार्ड बचावलं.

मागच्या तीन महिन्यांचं धान्य मिळालं नाही. ते "लॅप्स" झालं होतं. पंचेचाळीस किलो अन्न कायदेशीरपणे हवेत विरलं आणि त्याची ओल मात्र कुठल्याच दगडाने धरली नाही.

वाटप संपल्यावर अण्णा पायरीवर येऊन बसले, मावशींच्या शेजारी. स्वतःहून म्हणाले, "मलाही गोदामातून पन्नासची गोणी म्हणून येते ती पन्नासची नसते, बाई. वर हमाली माझी. कमी पडलेलं मी कुठून भरायचं?"

"म्हून माझ्यातनं भरीत व्हता?"

अण्णा पायरीवर सांडलेले तांदळाचे दाणे वेचू लागले.

"गोदामात दगड घिऊन जावा की."

"लोक हसतील."

"मला हसली न्हाईत व्हय?" मावशींनी ओच्यातले उरलेले शेंगदाणे त्यांच्या हातावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन पोस्टात गेल्या. खिडकीवर तोच कारकून. त्याने वरवंटा ओळखला. "मागचं पार्सल पोचलं का?" "पोचलं. पर जरा झिजून आलं." नवी चिठ्ठी झाली: दोन किलो पंच्याऐंशी. जुनी त्यांनी फाडली नाही. दोन्ही कार्डात ठेवल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चुकल्यालं माप सांगून टाकावं. मंग खऱ्या मापाला किंमत येती."

गेल्या थंडीत मावशी गेल्या. छातीत कफ भरला, आठ दिवस खोकल्या आणि गेल्या. कविताने मृत्यूचा दाखला कचेरीत दिला, आणि त्याच आठवड्यात कार्डावरून त्यांचं नाव कमी झालं. त्यासाठी कुणाचाही अंगठा लागला नाही.

पुढच्या वाटपाच्या दिवशी मी दुकानात गेले. रांग होती, पुढची जागा मोकळी होती आणि कुणालाच कळत नव्हतं, पुढे कुणी व्हायचं. अण्णांनी काटा सुरू केला. तो शून्यावर आला. त्यांनी कुणाचंही कार्ड मागितलं नाही. मग चष्मा पुसत म्हणाले, "दगड कुठे आहे?"

"कविताच्या घरात. कुलूप हाय," कुणीतरी म्हणालं.

"किल्ली?"

"शेजारी."

"मग आणा. आपण थांबू."

वरवंटा आला. अण्णांनी स्वतः फडकं सोडलं, काट्यावर ठेवला आणि आकडे मोठ्याने वाचले. दोन किलो पंच्याऐंशी. वाटप झालं. शेवटी तो परत देताना त्यांनी त्या दुसऱ्या नंबरच्या बाईला हळूच विचारलं, "हा मला दोन दिवस मिळेल का? गोदामात जायचंय."

ती म्हणाली, "पावती द्या."

अण्णांनी दिली. वळणदार अक्षरात, वजनासकट.

आता तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्याकडे भांडी घासायला जी कुणी येते, तिला आज विचारा, या महिन्याचं रेशन मिळालं का आणि मशीन अंगठा घेतं का. नाही म्हणाली, तर हळहळू नका. तिच्या बोटांच्या रेषा तुमच्याच कढया-पातेल्यांवर गेल्या आहेत. एक सकाळ काढा, तिच्याबरोबर रांगेत उभे राहा आणि सातवा मुद्दा वाचून दाखवा. मागची माणसं कुरकुरली तर त्यांना बसायला सांगा, शेंगदाणे द्या. निघण्याआधी घरातला एखादा दगड जवळच्या पोस्टात नेऊन त्याचं वजन लिहून घ्या. कारकून चष्म्यावरून पाहील आणि विचारेल, कुठे पाठवायचंय. लाजू नका. पत्ता सांगा.

आणि जाण्यापूर्वी अर्धी भाकरी खाऊन जा.